आईच्या बीपीच्या गोळीची किंमत ठरवतं कोण?

रानजाई

नमस्कार मंडळी. विषय मोठा आहे पण मनातून जात नाहीये, म्हणून धागा काढते.

मागच्या महिन्यात वाईला आईकडे गेले होते. तिची औषधं जुन्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतात, स्ट्रिपांना रबर लावलेलं, बिलं खाली घडी करून. सहज बघितलं तर बीपीच्या गोळीचं बिल अठरा दिवसांपूर्वीचं आणि पंधराच्या स्ट्रिपमधल्या सहा गोळ्या शिल्लक. गोळी रोज एक. विचारलं तर आधी "विसरले असेन", मग हळूच "अगं दिवसाआड घेते, काही होत नाही त्यानं". पेन्शन थोडी आहे, आणि मी पाठवते ते पैसे ती नातवाच्या नावाने बँकेत टाकते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी शाळेत भूगोल शिकवते, हा आपला प्रांत नाही असंच समजत होते. पण परत आल्यावर शोधाशोध केली तेव्हा शक्तिवेल सेल्वराज या आरोग्य-अर्थतज्ज्ञांचं काम हाती लागलं. पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडियातून त्यांनी हबीब फारुकी आणि अनुप करण यांच्याबरोबर राष्ट्रीय नमुना पाहणीचे वीस वर्षांचे आकडे घेऊन लोक औषधांवर खिशातून किती घालवतात ते मोजलं. २०१८ साली बीएमजे ओपनमध्ये आलंय ते. २०११-१२ या एका वर्षात खिशातून केलेल्या आरोग्यखर्चामुळे साधारण साडेपाच कोटी माणसं दारिद्र्यरेषेखाली गेली. त्यातली ३ कोटी ८० लाख नुसत्या औषधांच्या खर्चामुळे.

हा आकडा मी तीनदा वाचला. आपण धरून चालतो की माणूस बुडतो तो ॲडमिट झाल्यावर, ऑपरेशनच्या बिलात. आणि इथे मेडिकलमधलं महिन्याचं बिल माणसाला खाली खेचतंय, ज्याची कोणी बातमी करत नाही.

तर प्रश्न असे. या गोळीची किंमत ठरवतं कोण? सरकारचं नियंत्रण आहे म्हणतात, मग ते आईच्या डब्यापर्यंत का पोचत नाही? (गोळी टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन एकत्र असलेली आहे.) जाणकारांनी लिहा, अनुभव तर सगळ्यांनीच लिहा.

---

काउंटरमागचा

ताई, मिरजेत मेडिकल आहे माझं, २२ वर्षं काउंटरला उभा आहे. जे माहीत आहे ते सरळ सांगतो.

औषधं दोन प्रकारची धरा. एक, सरकारच्या अत्यावश्यक यादीतली. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत, त्यांची कमाल किंमत एनपीपीए, म्हणजे औषधांच्या किमती बघणारी केंद्र सरकारची संस्था, ठरवते, त्याच्या वर विकता येत नाही. दोन, यादीबाहेरची. त्यांची किंमत कंपनी ठरवते, वर्षाला १० टक्क्यांच्या वर वाढवायची नाही एवढंच बंधन. यादीतल्या मालावर आम्हाला १६ टक्के सुटतात, होलसेलवाल्याला ८. यादीबाहेरच्या मालावर २० आणि १०. म्हणजे महाग माल गेला की आमचंही जास्त सुटतं, हे लपवून काय करू.

आता आईची गोळी. टेल्मिसार्टन एकटी यादीत आहे. ॲम्लोडिपिन एकटी यादीत आहे. दोन्ही एकत्र केलेली जोडगोळी यादीत नाही, त्यामुळे त्या यादीची सरसकट मर्यादा तिला लागत नाही. शुगरचंही तसंच, मेटफॉर्मिन यादीत, ग्लिमेपिराइड यादीत, दोन्हीची मिळून केलेली बाहेर. माझ्या दुकानातून बीपी-शुगरचा जो माल जातो त्यातला निम्म्याहून जास्त हा जोडगोळ्यांचाच असतो.

आणि एक, डॉक्टरांनी ज्या ब्रँडचं नाव लिहिलंय तो बदलून तेच औषध दुसऱ्या कंपनीचं द्यायची आम्हाला कायद्याने परवानगी नाही. गिऱ्हाईक म्हणतं "स्वस्तातलं द्या ना", मी म्हणतो डॉक्टरांना फोन लावा.

---

सुपारीबाग

वाचतेय. वाखू (वाचनखूण) साठवली.

---

चिंतामणराव

ठाणे-बेलापूर पट्ट्यात औषध कंपनीत ३१ वर्षं प्रॉडक्शनला काढली, म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग मानू नये.

किंमत दाबली की गोरगरिबांचं भलं होतं हे इतकं सोपं नसतं. आपल्याकडे पेनिसिलिन-जी बनायचं, चीनच्या स्वस्त मालापुढे ते कारखाने बंद पडले आणि आज साध्या साध्या औषधांच्या कच्च्या मालासाठी आपण तिकडे तोंड करून बसलोय. डिसेंबर २०१९ मध्ये खुद्द एनपीपीएला २१ औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवाव्या लागल्या, का, तर त्या भावात कोणी बनवायलाच तयार होईना. त्यात बीसीजीची लस होती, बेंझिल पेनिसिलिन होतं. २०२४ मध्ये परत आठ औषधांना तेच करावं लागलं. औषध कागदावर स्वस्त आणि दुकानात नाही, असल्या स्वस्ताईचा पेशंटला काय उपयोग?

बॅच फेल झाली की ती जाळताना मी बघितलेली आहे, अख्खी. तो खर्चही कुठूनतरी निघावा लागतो.

---

रानजाई

चिंतामणराव, राग कसला, उलट हे मला माहीतच नव्हतं. पण मग एक सांगा, यादीतल्या औषधाची कमाल किंमत ठरवताना बनवायला किती लागतं हे बघतच नाहीत का? बघितलं असतं तर न परवडण्याइतकी खाली गेलीच कशी?

---

अर्थात

ताईंनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी पुण्यात आरोग्य-अर्थशास्त्रात पीएचडी करतेय म्हणून जरा लांबण लावते, सांभाळून घ्या.

पूर्वी उत्पादन खर्च बघायचे. १९७५ साली औषध उद्योगावरच्या हाथी समितीचा अहवाल आला, त्यानंतर १९७९ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात ३४७ मूळ औषधं नियंत्रणाखाली होती, १९८७ मध्ये १४२ उरली, १९९५ मध्ये ७४. नियंत्रण आकसत गेलं पण हिशोब खर्चावरच होता, १९९५ च्या आदेशात कारखान्यातल्या खर्चावर जास्तीत जास्त १०० टक्के वाढ धरायची मुभा होती. मग २००३ मध्ये ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्कच्या मंडळींनी सुप्रीम कोर्टात याचिका केली की अत्यावश्यक औषधं सगळीच नियंत्रणात आणा. दहा वर्षं ती चालली आणि २०१३ चा आदेश आला. यादी पूर्ण आत आली हे खरं, पण हिशोबाची पद्धत पार बदलली. आता बाजारात ज्या ज्या ब्रँडचा वाटा १ टक्का किंवा जास्त आहे त्यांच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची साधी सरासरी काढतात, त्यावर १६ टक्के मार्जिन, झाली कमाल किंमत. शिवाय दरवर्षी घाऊक महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वाढ, एप्रिल २०२३ मध्ये ती १२ टक्क्यांच्या वर होती.

या सरासरीत काय होतं बघा. खपाचा मोठा वाटा महागड्या ब्रँडांकडेच असतो, त्यामुळे सरासरी मुळातच वर बसते. जे औषध बनवायला अगदी कमी लागतं त्याची मर्यादा खर्चाच्या कित्येक पट वर राहते, आणि ज्याचा बाजारभाव आधीच घासून घासून खाली आलाय, त्याची मर्यादा तिथेच अडकते आणि कच्चा माल महागला की ते बनवणं परवडत नाही. म्हणजे ताई म्हणतात ते आणि चिंतामणराव म्हणतात ते, दोन्ही एकाच पद्धतीतून येतंय.

आता मूळ प्रश्न, ठरवतं कोण. केनेथ ॲरो नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६३ मध्येच लिहून ठेवलंय की वैद्यकीय सेवेचा बाजार बाकीच्या बाजारासारखा चालत नाही कारण पेशंटला आपल्याला काय हवंय तेच माहीत नसतं, त्याला डॉक्टरवर भरवसा टाकावा लागतो. भाजी घेताना आपण वास घेतो, दाबून बघतो, भाव करतो, नाही पटलं तर पुढच्या गाडीवर जातो. औषध निवडतो डॉक्टर, देतो केमिस्ट, आणि पैसे मोजते वाईची आई. दहा कंपन्या एकच गोळी बनवत असल्या तरी त्यांची स्पर्धा आईसाठी नसते, डॉक्टरच्या पेनासाठी असते. म्हणून खूप कंपन्या असूनही भाव खाली येत नाही, उलट ब्रँड महाग करून तो पैसा एमआरच्या, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधींच्या, फौजेवर लावणं कंपनीला परवडतं.

---

काउंटरमागचा

एमआरचं बरोबर. आणखी एक भर घालतो. ज्याला लोक सरसकट जेनेरिक म्हणतात त्यात एक माल असा असतो की ज्याच्यामागे एमआर फिरत नाही, तो थेट आम्हाला विकला जातो. त्याच्यावर छापील किंमत ब्रँडच्या जवळपासची आणि आम्हाला पडतो त्याच्या पाव भावात, कधी त्याहून कमी. मधला पैसा गिऱ्हाइकाला सोडायचा की गल्ल्यात टाकायचा हे दुकानदाराच्या नियतीवर. मी सूट देतो. पण नियतीवर सोडायची गोष्ट आहे का ही, तुम्हीच सांगा.

---

डॉ_बाभूळगाव

अकोल्याजवळ प्रॅक्टिस आहे, जनरल. डॉक्टरच्या पेनाचा विषय निघालाय तर बोलायला हवं.

आम्ही ब्रँड लिहितो त्याला नेहमीच भेटवस्तूच कारण असतात असं नाही. माझा एक फिटसचा (आकडीचा) पेशंट, सोळा वर्षांचा मुलगा, तीन वर्षं एकही झटका नाही. दुकानात नेहमीची कंपनी मिळाली नाही, दुसरी घेतली, तीन आठवड्यांत झटका आला, तोही विहिरीजवळ. थोडक्यात वाचला. कंपनी बदलल्यामुळेच आला असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण त्या दिवसापासून फिटसच्या औषधात मी नाव बदलू देत नाही. ज्या औषधात मात्रा थोडी इकडेतिकडे झाली तरी चालत नाही तिथे ही भीती खरी असते. एप्रिल २०१७ पासून बऱ्याच गटांतल्या जेनेरिकला ते मूळ औषधाइतकंच रक्तात उतरतं हे दाखवणं सक्तीचं झालं, चांगलं झालं, पण त्याआधीपासून बाजारात असलेल्या मालाचं काय हा प्रश्न राहतोच.

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नियम काढला की जेनेरिक नावच लिहा. त्याच महिन्यात तो स्थगित झाला. आमच्या संघटनेने विरोध केला आणि तेव्हा मीही विरोधातच होतो. कारण मी नुसतं औषधाचं नाव लिहिलं तर ब्रँड निवडणार दुकानदार. माझ्या पेनातून निघून ती निवड काउंटरवर गेली, पेशंटच्या हातात ती तेव्हाही नाही.

जोडगोळीचं मात्र मला मान्य करावं लागेल. वयस्क माणूस चार गोळ्यांऐवजी दोन घेतो तेव्हा विसरत नाही, हा फायदा खराच आहे आणि त्यासाठीच मी लिहितो. पण त्यामुळे औषध यादीबाहेर जातं आणि महाग पडतं हे लिहिताना माझ्या डोक्यात नसतं. रानजाई, आईंच्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. दोन वेगळ्या गोळ्या चालतील का एवढंच विचारा. स्वतः काही बदलू नका, आणि दिवसाआड घेणं आधी थांबवा, ते सगळ्यात वाईट.

---

गुलबक्षी

डॉक्टर, गोळीचा रंग हाही एक विषय आहे बरं का. माझ्या सासूबाईंना नाव वाचता येत नाही, त्यांची "गुलाबी" बीपीची आणि "पिवळी" शुगरची. एकदा कंपनी बदलली आणि बीपीची गोळी पिवळी आली. त्या आठवडाभर शुगरची गोळी दोनदा घेतेय असं समजून एक बाजूला काढून ठेवत होत्या, आणि बाजूला ठेवली ती नेमकी शुगरची.

---

काउंटरमागचा

@गुलबक्षी, हे रोजचं आहे. मी स्ट्रिपवर स्केचपेनने सूर्य आणि चंद्र काढून देतो, सकाळची आणि रात्रीची.

---

कोरडवाहू

मी लिहिणार नव्हतो. पण ते ३ कोटी ८० लाख वाचलं आणि ऱ्हावलं नाही.

आम्ही बीड जिल्ह्यातले, साडेचार एकर कोरडवाहू. दादांना म्हणजे वडलांना २०१९ ला हार्टचा झटका आला. महात्मा फुले योजनेत नाव होतं, स्टेंट बसला, एक रुपया लागला नाही. मी त्या योजनेला कधीच नावं ठेवणार नाही, दादा त्या दिवशी वाचले ते तिच्यामुळे. घरी सोडताना कागद दिला, पाच गोळ्या, म्हणले या जन्मभर. योजनेतून काही दिवस मिळाल्या, मग आमच्या आम्ही.

पहिलं वर्ष निभलं. दुसऱ्या वर्षी पाऊस नाही, सोयाबीन हातचं गेलं. दादांनी कोणाला न सांगता पाचातल्या दोन बंद केल्या. कोणत्या, तर ज्या महाग होत्या त्या. त्यांना काय माहीत की त्यातली एक रक्त पातळ ठेवायची म्हणून स्टेंट उघडा राहतो. दीड वर्षानं दुसरा झटका. आता चालतात, पण वावरात येणं बंद. बैलजोडी तेव्हा विकली ती परत झाली नाही. मला पुन्हा पुन्हा हेच वाटतं की लाखाचं ऑपरेशन सरकारनं फुकट केलं आणि त्याला टिकवणारी गोळी तेवढी आमच्यावर सोडली. हे असं का असतं कोणी सांगेल का.

---

रानजाई

कोरडवाहू, काय लिहू. दादांना नमस्कार सांगा.

---

अर्थात

कोरडवाहू दादा, तुमचा प्रश्न हाच या क्षेत्रातल्या अभ्यासाचा गाभा आहे. आपल्या सरकारी योजना विम्याच्या धर्तीवर बांधल्यात, माणूस ॲडमिट झाला की त्या चालू होतात. ओपीडीतली, महिन्याच्या महिन्याला लागणारी औषधं त्यांच्या बाहेर राहतात. आणि घरांच्या खिशातला मोठा पैसा जातो तो नेमका तिथेच. नियोजन आयोगाने नेमलेल्या श्रीनाथ रेड्डी समितीने २०११ मध्ये सांगितलं होतं की औषधखरेदीवरचा सरकारी खर्च जीडीपीच्या ०.१ टक्क्यावरून ०.५ टक्क्यावर न्या, म्हणजे लोकांना सरकारी दवाखान्यात औषध फुकट देता येईल. तिथपर्यंत आपण पोचलो नाही.

स्टेंटचंच बघा. फेब्रुवारी २०१७ मध्ये एनपीपीएने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० केली, साध्याची ७,२६०. त्याआधी औषधवाला सरासरी लाखाच्या वर जायचा. हे नियंत्रण चाललं, कारण वस्तू एकच, मोजता येणारी, आणि पळवाट कमी. गोळ्यांमध्ये ताकद बदला, जोडी करा, यादीबाहेर जा. म्हणून मला वाटतं नुसत्या किमतीच्या मर्यादेने गोळ्यांचा प्रश्न सुटणार नाही.

---

लेस्टरकर

इकडचं थोडं. इंग्लंडमध्ये औषध कितीही महाग असो, चिठ्ठीवरच्या एका औषधाला ९ पौंड ९० पेन्स, साठीनंतर तेही नाही. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये सगळ्यांनाच मोफत. माझी आई इथे राहायला आली तेव्हा केमिस्टकडे पर्स उघडून उभी होती, त्याने पिशवी दिली आणि "बाय" म्हणाला, ती परत परत मला विचारत होती अरे पैसे द्यायचे राहिले.

पण मागे हिशोब कडक असतो. १९९९ मध्ये नाइस नावाची संस्था काढली, ती नवीन औषध आलं की बघते, याने माणसाला चांगल्या तब्येतीचं एक वर्ष मिळवून द्यायला किती पैसे लागतात. बरीच वर्षं २० ते ३० हजार पौंड ही त्यांची रेघ होती, वर गेलं तर बहुतेक वेळा कंपनीला सांगतात भाव कमी कर. भारतातही २०१७ पासून असं मूल्यमापन करणारी सरकारी व्यवस्था सुरू झालीय.

चिंतामणरावांच्या खर्चाच्या मुद्द्यावर, लिव्हरपूलच्या अँड्र्यू हिल यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हिपेटायटिस सीच्या सोफोसबुव्हिरचा उत्पादन खर्च काढला होता. १२ आठवड्यांचा कोर्स ६८ ते १३६ डॉलरात बनू शकतो असा त्यांचा अंदाज. अमेरिकेत तो ८४ हजार डॉलरला आला होता.

---

चिंतामणराव

लेस्टरकर, माणसाच्या एका वर्षाला किंमत लावायची ही कल्पनाच मला पटत नाही. माझी मंडळी गेली त्याआधीचे आठ महिने कुठल्या तक्त्यात बसवणार होते? ते आठ महिने आम्ही रोज संध्याकाळी गच्चीत बसलो.

---

लेस्टरकर

काका, मनापासून लिहिलंत, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणेन की रेघ सगळीकडेच असते. इथे ती लिहिलेली आहे आणि तिच्यावर भांडता येतं. कोरडवाहूंच्या घरी ती पावसाने ओढली.

---

चिंतामणराव

हं. हे मात्र खरं बोललात.

उत्पादन खर्चाबद्दल माझं कधीच दुमत नव्हतं, गोळी बनवणं स्वस्तच असतं, आम्हीच बनवत होतो. आमच्या उमेदीच्या काळातच तर हे सगळं उभं राहिलं. १९७० चा पेटंट कायदा आला, औषधाच्या पदार्थावर पेटंट नाही, फक्त बनवण्याच्या रीतीवर, आणि आपल्या केमिस्टांनी दुसऱ्या रीती शोधून काढल्या. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सच्या तीन औषधांचा वर्षाचा कोर्स ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा बाहेर तो दहा-बारा हजार डॉलरला होता. ते वाचून आमच्या कँटीनमध्ये सगळे टाळ्या वाजवत होते, कंपनी दुसरी असून. २००५ पासून पदार्थाचं पेटंट परत आलं. पण मार्च २०१२ मध्ये मुंबईच्याच पेटंट ऑफिसातून देशातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला बनवायची मुभा, निघाला, किडनी आणि लिव्हरच्या कॅन्सरच्या गोळीचा. महिन्याचे २ लाख ८० हजार होते ते ८,८८० वर आले. मूळ कंपनीला रॉयल्टी ठेवली होती, फुकट घेतलं नाही काही. तेव्हा मला वाटलं होतं आता अशी रांग लागेल. नाही लागली.

---

तंजावरकर

इतका वेळ नुसता वाचत होतो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं, माझं मराठी जरा जुनं वाटेल, समजून घ्या.

आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. किमतीच्या मागे न लागता खरेदी हातात घेतली. तामिळनाडू मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन, १९९४ मध्ये स्थापन झालं आणि जानेवारी १९९५ पासून काम चालू. अख्ख्या राज्याच्या सरकारी दवाखान्यांना लागणारं औषध एका ठिकाणी टेंडर काढून घ्यायचं, ब्रँडचं नाव नाही, औषधाचं नाव. एवढी मोठी ऑर्डर म्हटल्यावर भाव आपोआप उतरतो. माल जिल्ह्याच्या गोदामात येतो, तिथून नमुना काढून लेबल झाकून प्रयोगशाळेत जातो, पास झाला तरच बाहेर. प्रत्येक दवाखान्याला पासबुक असतं, बँकेसारखं, त्यात रक्कम, जेवढं लागेल तेवढं औषध उचलायचं आणि वजा करायचं. त्यामुळे एकीकडे सडतंय आणि दुसरीकडे नाही असं कमी होतं.

डॉक्टरांची जी दर्जाची काळजी आहे तिचं उत्तर मला त्या लेबल झाकलेल्या नमुन्यात दिसतं. दुकानातल्या गोळीची बॅच पेशंटसाठी कोण तपासतं?

माझी शेजारीण, भात लावणीला जाणारी बाई, दर महिन्याला आरोग्य केंद्राच्या खिडकीतून शुगरच्या गोळ्या आणते. स्ट्रिपवर सरकारचं नाव आणि विक्रीसाठी नाही असं छापलेलं. चिठ्ठी आत सरकवायची, गोळ्या बाहेर. तिला कुठल्याच कंपनीचं नाव माहीत नाही आणि तिला ते लागतही नाही. सगळं गोड आहे असं नाही, रांग असते, कधी एखादं औषध संपतं. पण दिवसाआड गोळी घेणारं माणूस मी आमच्या गल्लीत पाहिलं नाही.

---

अर्थात

तंजावरकर, फार छान लिहिलंत. राजस्थानने हेच मॉडेल घेऊन २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना चालू केली. मोठा गिऱ्हाईक असला की तो भाव ठरवू शकतो, एकटी आई नाही ठरवू शकत, एवढंच यामागचं अर्थशास्त्र आहे. ॲरोच्या अडचणीवरही हाच उतारा, निवडणारा आणि पैसे देणारा एकच होतो.

---

गोदाकाठ

मग आपल्या महाराष्ट्राचं घोडं कुठे अडलं? २०१७ पासून खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे दिली होती, वेळेवर माल येत नाही म्हणून ओरड झाली, मग २०२३ मध्ये कायदा करून वेगळं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण काढलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफतही केले. कागदावर सगळं आहे. पण मागच्या पावसाळ्यात काकूला घेऊन एका सरकारी दवाखान्यात गेलो तर केस पेपर फुकट, तपासणी फुकट, डॉक्टर बिचारे दोनशे पेशंट बघून दमलेले तरी नीट बोलले, आणि शेवटी पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी, "हे बाहेरून घ्या". समोरच मेडिकलची रांग. त्या चिठ्ठीचा आकार तळहाताएवढा होता, पण सगळी योजना तिच्यातून गळून गेली.

पैसे नाहीत म्हणून नव्हे, टेंडर वेळेवर निघत नाही, पुरवठादाराचं बिल थकतं, तो पुढच्या वेळी भाव चढवून भरतो किंवा भरतच नाही.

---

चिंतामणराव

हे शंभर टक्के. आम्ही दोन राज्यांना माल द्यायचो. एकाचं पेमेंट ठरल्या दिवशी यायचं, त्याला आमचा सगळ्यात कमी भाव. दुसऱ्याचं दीड वर्ष लटकायचं, त्याला भाव लावतानाच आम्ही ते व्याज आत धरायचो. माल एकच, बॅचसुद्धा एकच. वेळेवर पैसे देणं हे सगळ्यात मोठं किंमत-नियंत्रण आहे, माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीचं सार विचाराल तर हेच सांगेन.

---

सुपारीबाग

काका, हे वाक्य लिहून ठेवलं.

---

डॉ_बाभूळगाव

मलाही सांगायचंय. कालपासून जोडगोळी लिहायच्या आधी पेशंटला विचारायला लागलोय, महिन्याला किती झेपेल. विचित्र वाटतं विचारायला, इतकी वर्षं कधी विचारलं नव्हतं. काल अकरा जणांना विचारलं. त्यातल्या चौघांनी सांगितलं की मागची औषधं ते पूर्ण घेतच नव्हते. मी मात्र बीपी उतरत नाही म्हणून डोस वाढवत होतो.

---

रानजाई

डॉक्टर, हे वाचून अंगावर काटा आला.

आईकडचं कळवते. परवा तिच्या डॉक्टरांकडे गेलो, सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. दोन वेगळ्या गोळ्या लिहून दिल्या, दोन्ही यादीतल्या, आणि औषधाचं नुसतं नाव लिहिलं. जनऔषधी केंद्रात मिळाल्या, जुन्या बिलाच्या निम्म्याहून बरंच कमी झालं. एक गोळी संपलेली होती, ती चार दिवसांनी या म्हणाले, तोवर बाहेरून घेतली. आईने घरी येऊन दोन्ही स्ट्रिपा शेजारी ठेवल्या आणि विचारलं, "मग इतके दिवस मी कशाचे पैसे देत होते गं?" मी काउंटरमागचा यांचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. तिला सूर्य-चंद्र फार आवडले, तिने स्वतःच काढलेत. रोज घेते आता, डब्यात मोजून बघते मी फोनवर.

पण ही एका आईची सोय झाली. गोदाकाठ म्हणतात त्या चिठ्ठीचं काय? मी आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात माहिती अधिकारात अर्ज टाकतेय, गेल्या वर्षी किती औषधं किती दिवस शिल्लक नव्हती त्याची यादी द्या म्हणून. कोणी आपापल्या तालुक्यात टाकणार असेल तर मसुदा इथे चिकटवते.

---

गोदाकाठ

मी टाकतो. निफाडचा.

---

डॉ_बाभूळगाव

मसुद्यात बीपी, शुगर, फिटस आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या नावाने विचारा, नाहीतर "पुरेसा साठा होता" असं एका ओळीत उत्तर येईल.

---

कोरडवाहू

मी बी टाकतो अर्ज. काउंटरमागचा भाऊ, दादांच्या पाच गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो आहे माझ्याकडं. यादीतल्या कोणत्या आणि बाहेरच्या कोणत्या एवढं सांगता का, म्हणजे सोमवारी डॉक्टरला विचारायला बरं.

---

काउंटरमागचा

व्यनि (खाजगी निरोप) करा भाऊ. दुकान साडेनऊला बंद होतं, त्यानंतर बसतो निवांत.